दोन इंटरनेट कनेक्शनचा गुंता सोडवून देणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र खरे तर २००१ सालीच लिहायला हवे होते. त्या दिवशी "फार उपकार झाले" एवढेच तोंडी बोलून मी आपल्याला निरोप दिला, ते मला आजवर अपुरे वाटत आले आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना. १९९८ च्या धोरणामुळे खासगी कंपन्यांनाही इंटरनेट सेवा देता येऊ लागली आणि पुढे आम्ही पहिल्या कनेक्शनच्या जोडीला दुसरे घेतले, कारण तेव्हा आमचे इंटरनेट फोनचा नंबर फिरवून लागे आणि पहिल्याचा नंबर संध्याकाळी तासन्‌तास एंगेज लागत असे. पहिले सोडून देणे मात्र शक्य नव्हते. त्याचा ई-मेल पत्ता लेटरहेडवर छापलेला होता आणि परदेशातले जुने ग्राहक त्याच पत्त्यावर ऑर्डर पाठवत. दुसऱ्या कनेक्शनवरून त्या पत्त्यावरची पत्रे उतरत, पण उत्तर पाठवू गेले की पहिल्या कंपनीचा सर्व्हर ते नाकारी. मग फोन तोडायचा, पहिला नंबर फिरवायचा, एंगेज ऐकत बसायचे. त्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एका ग्राहकाला रंगांबद्दलचे उत्तर तातडीने हवे होते आणि ते तीन दिवस आउटबॉक्समध्येच पडून राहिले. एकाने विंडोज पुन्हा टाकायला लावले, दुसऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही नवा मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारे यंत्र, घेतला. दोन्ही खर्च वाया गेले.

आपण त्या दिवशी आहेरासाठी टॉवेल घ्यायला आला होतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस मोडेमचा आवाज ऐकून थांबला, याचे मला आजही अप्रूप वाटते. आपण पडद्यावरचा नकाराचा मजकूर सावकाश वाचलात, टेबलावरचे चलन उलटे करून त्यावर दोन रकाने आखलेत आणि वर "येणारे" व "जाणारे" असे लिहिलेत. पत्रे उतरवून घेताना सर्व्हर फक्त नाव आणि पासवर्ड विचारतो, म्हणून ती कोणत्याही कनेक्शनवरून उतरतात. पत्र पाठवताना मात्र तो आपण कोणाच्या लाइनीवरून आलो आहोत हे पाहतो, कारण कोणाचेही टपाल पुढे ढकलत बसला तर नको त्या जाहिराती पाठवणारे त्याचा गैरफायदा घेतील. आपले हे बोलणे ऐकल्यावर, इतके दिवस ज्याला आम्ही बिघाड समजत होतो तो मुळात बंदोबस्त होता, हे मला उमगले.

मग आपण आउटलुक एक्सप्रेस हा ई-मेलचा प्रोग्राम उघडून दोन्ही खात्यांचे येणाऱ्या पत्रांचे सर्व्हर जसेच्या तसे ठेवलेत आणि जाणाऱ्या पत्रांसाठी दोन्हीकडे दुसऱ्या कनेक्शनच्या कंपनीचाच सर्व्हर घातलात. पाठवणाऱ्याचा पत्ता जुनाच राहिला, त्यामुळे ग्राहकांना काही वेगळे जाणवले नाही. ज्या दिवशी पहिल्या कनेक्शनवरून जावे लागेल, त्या दिवशी तेवढ्या दोनच ओळी बदलायच्या. पत्रे आधी लिहून ठेवायची आणि मगच फोन लावायचा, ही सवयही आपणच लावलीत. मीटर चालू ठेवून इंग्रजी जुळवत बसणारे आम्ही! ५६ के मोडेम पत्रे घेताना ५६ किलोबिटांपर्यंत जातो, पण पाठवताना ३३.६ च्या वर जात नाही, हेही आपण सांगितलेत. तेव्हापासून नमुन्यांचे फोटो लहान करून जाऊ लागले.

आउटबॉक्समध्ये अडकलेले ते उत्तर आपल्यासमोरच गेले आणि सकाळी ऑर्डर कायम झाल्याचे पत्र आले होते. दोन कनेक्शनपैकी एक बंद करा, असा सल्ला देऊन मोकळे होणे आपल्यालाही सोपे होते. आपण माझी अडचण माझ्या जागेवरून पाहिलीत, याचे मोल मला अधिक वाटते.

ते चलन अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. "जाणारे" या शब्दाखाली आपण दोनदा ओढलेली रेघ पुसट झाली असली, तरी दिसते. त्या दिवशी आपण मेहनताना घेतला नाहीत, उलट टॉवेलांचे पैसे पूर्ण मोजून दिलेत. आपल्यासाठी सहा टॉवेल बाजूला काढून ठेवले आहेत. या वेळी पैसे न देता ते स्वीकारावेत.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर