लेकरांचं ताट आधी आणा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी सासूबाईंचा वाढदिवस म्हणून आम्ही विजापूर रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो, सोबत साडेतीन वर्षांची पोरगी आणि अकरा महिन्यांचं बाळ. ऑर्डर द्यायच्या आधीच टेबलावर मसाला शेंगदाण्याची वाटी आली आणि मी बाळाची पिशवी उघडेपर्यंत पोरीनं मूठभर दाणे तोंडात घातले पण, मग असा ठसका लागला की माझ्या हातापायातलं बळच गेलं. दाणे बाहेर पडले म्हणून बरं. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना अख्खे शेंगदाणे देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यांना ते नीट चावता येत नाहीत आणि दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. आपल्या सोलापुरात चटणी, पोळी, भाजी सगळ्यात शेंगा, त्यामुळं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. वाटी ठेवताना समोर लेकरू आहे का तेवढं बघा ना.

मग वेटर दादांना दोनदा सांगितलं की मोठ्यांचं सावकाश आणा, आधी नुसता मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण द्या, तर म्हणे सगळं एकदमच येईल. पाऊण तासानं आलं, त्यात दाल तडका लालभडक. गरम सूपचे बाऊल तर बाळाच्या डोक्यावरून पलीकडं दिले, मी हात आडवा धरून बसले होते. पोरगी रडून रडून उपाशीच झोपली. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, एवढ्या लहान लेकरांना घरी ठेवायचं ना. कुणाजवळ ठेवू, आजीचाच तर वाढदिवस होता!

याच गावात एका छोट्या खानावळीत मावशींनी न मागता कडक भाकरीचा चुरा दह्यात कालवून पोरीपुढं ठेवला होता, आमची ताटं यायच्या आधी. त्याला वेगळं मेनूकार्ड लागलं नाही की जास्तीचा माणूस लागला नाही. मोठ्या हॉटेलांनी त्याचे पैसे लावावेत, आम्ही देऊ, पण लेकरांचं आधी आणा आणि बेल्टवाल्या दोन उंच खुर्च्या तरी ठेवा.

सासूबाई आता म्हणतात पुढचा वाढदिवस घरीच करू. मला तेच नकोय, घरी केलं की त्या दिवशीपण त्याच सकाळपासून ओट्याजवळ उभ्या असतात.

आपली,
एक वाचक, सोलापूर