पेन्सिल सेलवर चालणारा जीपीएस आणि तुमचे सवलतीचे कूपन

ता. धडगाव, जि. नंदुरबार
25 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हातातला जीपीएस दुरुस्त न करता, उलट बिघडवून परत पाठवल्याबद्दल

महोदय,

तुमच्या कंपनीचा दोन पेन्सिल सेलवर चालणारा जीपीएस मी 2009 मध्ये घेतला, इथल्या पाड्यांवर वनहक्क दाव्यांच्या, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागणाऱ्यांच्या, जमिनी मोजायला. दावेदार पुढे, मी मागे, आणि बांधावरून, दगडांतून, नाल्याच्या काठाने प्लॉटची कड चालत जायची. सोळा वर्षांत यंत्र दोनदा पाण्यात पडले. कडेचे रबर चिकट होऊन सुटले, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. वस्तू चांगली आहे, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

मागच्या दिवाळीत सेलच्या झाकणाची खिट्टी तुटली. रबरबँड लावून चालते, पण चढावर हिसका बसला की सेल क्षणभर सुटतात आणि यंत्र बंद पडते. मग क्षेत्रफळाची मोजणी पुन्हा पहिल्या दगडापासून. सत्तरीच्या दावेदाराला भर उन्हात तीच टेकडी दुसऱ्यांदा चढायला लावणे काय असते, हे तुमच्या कार्यालयात बसून कळायचे नाही.

दुसरी भानगड तारखेची. उपग्रह आठवड्यांची मोजदाद 1023 पर्यंत नेतात आणि पुन्हा शून्यावर येतात. आपल्या वेळेने 7 एप्रिल 2019 च्या पहाटे तसे झाले, आणि तेव्हापासून माझे यंत्र बरोबर 1024 आठवडे मागे आहे. ठिकाण अचूक, वारसुद्धा बरोबर, फक्त तारीख, महिना आणि साल चुकते. वहीत तारीख हाताने लिहून मी इतकी वर्षे निभावले. पण 12 जानेवारीला केलेल्या फेरमोजणीची प्रिंट काढली, तर तीवर 29 मे 2005! वनहक्क समितीतल्या एका पोराने ती पाहून विचारले, "सर, कायदा 2006 चा, नियम 2008 चे, मग तुम्ही आधीच मोजून ठेवले होते का?" सगळे हसले, मीही हसलो. पण या कायद्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. त्याच्याही आधीची तारीख असलेला नकाशा दाव्याला जोडला, तर कोणीही तो बनावटच समजेल. यावरचा इलाज म्हणजे फर्मवेअरची, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती. ती तुमच्या संकेतस्थळावर होती, वेळीच उतरवून घेतली नाही ही माझी चूक. आता त्या मॉडेलच्या पानावर गेले की मनगटी घड्याळांची जाहिरात उघडते.

म्हणून फेब्रुवारीत यंत्र तुमच्या सेवा केंद्राला कुरिअरने पाठवले. सेल काढून पाठवले, पोचपावतीवर तसे लिहून घेतले आहे. तपासणीचे 850 रुपये आगाऊ भरले. सात आठवड्यांनी पार्सल परत आले. झाकण तुटलेलेच, तारीख 2005 चीच, आणि आत दोन सेल, जे माझे नव्हते. तुमच्या माणसाने तपासायला घातले आणि तसेच ठेवून दिले. एकाच्या बुडातून पांढरी भुकटी फुटून स्प्रिंगवर चढली होती, शेजारच्या पट्टीवर हिरवट थर. लिंबाचा रस आणि जुना टूथब्रश घेऊन मी अर्धा तास ते घासत बसलो. पट्टी स्वच्छ झाली, पण स्प्रिंगचे टोक घासता घासता हातात आले. सध्या तिथे चॉकलेटच्या कागदाची चांदी घडी करून कोंबली आहे.

सोबत चिठ्ठी होती : "मॉडेल सेवेतून बंद." आणि नव्या यंत्रावर पंधरा टक्के सवलतीचे कूपन.

नव्या यंत्राची बॅटरी आत बंद असते, ती चार्जच करावी लागते. आम्ही मोजणीला तीन-चार दिवस मुक्कामी असतो. पाड्यावर वीज आहे, पण ती तिच्या मर्जीने येते. पेन्सिल सेल मात्र कुठल्याही दुकानात मिठाच्या पुड्यांशेजारी लटकलेले मिळतात. एरवी मी चार्ज होणारे सहा सेल बाळगतो आणि अंगणवाडीच्या छपरावरच्या सोलरवर भरून घेतो. ते 1.2 व्होल्टचे असतात, म्हणून मेनूत सेलचा प्रकार बदलावा लागतो, नाहीतर भरलेला सेलही अर्धा दिसतो. (हे तुमच्या फोनवरच्या प्रतिनिधीला मी सांगितले. त्यांना नवीन होते.)

त्यांनी मला पॉवर बँकेचा सल्ला दिला. करून पाहिले आहे. यंत्र वीज इतकी कमी ओढते की पॉवर बँकेला वाटते काही जोडलेलेच नाही, आणि ती थोड्या वेळात आपोआप बंद होते. शिवाय वायर जोडून यंत्रातले सेल भरतच नाहीत. मोबाइल वापरा, असेही सुचवले. मे महिन्यात दुपारी बारा वाजता सातपुड्यात उभे राहून मोबाइलचा पडदा वाचून दाखवा, मग बोलू.

एप्रिलपासून चार ईमेल केले. चारही वेळा "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" एवढेच उत्तर आले.

मला नवे यंत्र नको, कूपन या पत्रासोबत परत पाठवत आहे. सेलचे झाकण, त्याची रबरी रिंग आणि स्प्रिंगची पट्टी द्या. झाकण आणि रिंगचे पैसे देतो, पट्टीचे देणार नाही, कारण ती तुमच्या सेलने खाल्ली. सुटे भाग खरोखरच उरले नसतील, तर झाकणाचे माप लेखी कळवा, मी नाशिकला बनवून घेईन. फर्मवेअरची शेवटची फाइल ईमेलने पाठवा, आणि संकेतस्थळावरही परत ठेवा. हे यंत्र वापरणारा मी एकटाच नसेन. तपासणीचे 850 रुपये परत करा, कारण तपासणी झालेलीच नाही.

तीस दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. पावत्या, पार्सल उघडतानाचे फोटो आणि ते दोन फुटलेले सेल मी जपून ठेवले आहेत.

पाऊस लागल्याने सध्या मोजणी बंद आहे. दिवाळीनंतर गवत वाळले की पुन्हा निघायचे आहे, त्याआधी हे काम व्हावे. यंत्र तुमच्याकडे पुन्हा पाठवायचे असेल तर पाठवतो. मी सेल काढून पाठवीन, तुम्हीही काढून पाठवा.

आपला,
(सही)
2009 पासूनचा ग्राहक

सोबत : पावत्यांच्या प्रती, फोटो, कूपन