काकू, हंस मँचेस्टरचा निघाला हो!

काकू, परवा फोनवर मी नुसतं थँक्यू थँक्यू करत राहिले आणि मग गळाच दाटून आला म्हणून फोन ठेवला, तेव्हा बोलायचं राहिलं ते इथे सगळ्यांसमोर लिहिते.

आमच्या शेजारच्या आजी केअर होमला जाताना तो काचेचा हंस माझ्या हातात देऊन गेल्या, दुधी झाक असलेला, पाठीत फुलं ठेवायला खोलगट जागा. म्हणाल्या, माझ्या आईचा आहे, कुणी केलाय ते कधी कळलंच नाही. मला वाटलं आपण इथे लेस्टरमध्येच राहतो, आठवड्यात शोधून सांगू. सहा महिने गेले! एका दुकानदाराने बघताक्षणी सोवर्बी या काचकंपनीचं नाव सांगितलं आणि मी ते मानूनही टाकलं होतं. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, मोराचं डोकं कुठाय? गेट्सहेडच्या सोवर्बीचं ते चिन्ह १८७६ पासूनचं, आणि ते दिसत नसताना नुसत्या अंदाजाने नाव चिकटवायचं नाही, हे तुम्ही मला ठामपणे सांगितलंत.

मग तो आरडी नंबर, म्हणजे काचेवर उठवलेला डिझाइनच्या नोंदणीचा क्रमांक. मी २००३६ वाचला होता आणि त्यावरच अडून बसले होते. तुम्ही व्हिडिओ कॉलवर मला खोलीतला लाईट बंद करायला लावलात, टॉर्च आडवा धरायला सांगितलात, आकड्यांवर टाल्कम पावडर चोळून वरची पुसायला लावलीत आणि बघते तर काय, तीन नव्हताच तो, आठ होता, साच्यात त्याची डावी बाजू नीट उठलीच नव्हती. २००८६. एका आकड्याने माणूस बदलतो, कारण १८८४ च्या जानेवारीत १ पासून सुरू झालेल्या या नंबरांत काच, धातू, वॉलपेपर सगळंच एका रांगेत आहे. १८८५ ची सुरुवात १९७५४ पासून, म्हणजे आपला हंस त्याच वर्षाच्या अगदी सुरुवातीचा.

आणि एवढ्यावर न थांबता तुम्ही स्वतः लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजला, सरकारी दफ्तरखान्यात, गेलात, गुडघे दुखत असताना! तिथे पेन आत नेता येत नाही म्हणून पेन्सिलने लिहून आणलेली ती चिठ्ठी, बीटी ५१ या डिझाइन नोंदणीच्या रजिस्टरांमधलं कंपनीचं नाव, बर्टल्स टेट, मँचेस्टर. मी ती कितीवेळा वाचली असेल.

तुम्ही हेही सांगितलंत की रजिस्टरमधलं नाव हे डिझाइन ज्याच्या मालकीचं त्याचं, कधीकधी तो नुसता व्यापारी असतो, पण बर्टल्स टेटची स्वतःची काचभट्टी होती म्हणून इथे तो प्रश्न नाही. आणि तारीख नोंदणीची, हंस नेमका त्याच वर्षी बनला असं नाही, साचा पुढेही चालतो. मला हे आवडलं काकू, जेवढं कळलं तेवढंच सांगणं.

माझ्या दुसऱ्या फुलदाणीवरचा तो चौकोनी डायमंड मी कंपनीचा लोगो समजत होते. आता कळलं की तो १८४२ ते १८८३ मधल्या नोंदणीचा शिक्का, टोकावरचा रोमन तीन म्हणजे काच, आणि वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजवीकडे. माझं उजवीकडे आहे बहुतेक. पावडर लावून फोटो पाठवते, घाई नाही, आधी गुडघे बघा.

काल आजींना भेटायला गेले होते. बर्टल्स टेट, त्यांनी दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. हंस परत देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या, तुझ्याकडेच राहू दे. तुमच्या चिठ्ठीची झेरॉक्स मात्र मागून घेतली आणि आईच्या फोटोमागे ठेवली.