टोपलीला दही लावणाऱ्या काकांना

प्रिय काका,
स. न. वि. वि.

पावतीवर डॉक्टरांचं नाव असतं, तुमचं नसतं. डॉक्टरांचे आभार समक्ष मानले, तुमचे राहून गेले.

माझ्या कुत्र्याला, रॉकीला, तुमच्या दवाखान्यात आणला तेव्हा 104 ताप होता. दोन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं, हिरड्यांवर लाल टिपके उठले होते. गोचीडतापाचा संशय आला की रक्त तपासावं लागतं, आणि रक्त घ्यायचं तर कुणाला तरी कुत्र्याच्या जवळ जावं लागतं. तिथेच सगळं अडलं होतं. एका दवाखान्याने ‘रॉटवायलर आम्ही घेत नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. मार्च 2024 मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या 23 ‘आक्रमक’ जातींवर बंदी घाला असं राज्यांना पत्र काढलं, त्यात रॉटवायलर होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं, पण लोकांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. दुसऱ्या ठिकाणी चौघांनी त्याला दाबून धरलं आणि तोंडाला नायलॉनची पट्टी करकचून आवळली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकल्या तरच त्याच्या अंगातली बरीचशी उष्णता बाहेर पडते. फणफणलेल्या कुत्र्याचं तोंड बांधलं की ताप आणखी चढतो. त्यात प्लेटलेट्स उतरलेल्या असतील तर झटापटीने कातडीखाली रक्त साकळतं. 48 किलोच्या कुत्र्याची भीती वाटली, याचा राग नाही. त्या भीतीपायी आजारी जिवाशी दांडगाई केली, याचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

तुम्ही त्याला टेबलावर चढवलाच नाहीत. भिंतीला टेकून फरशीवर बसलात, त्याच्याकडे तोंड करून नाही, कुशीने. चावू नये म्हणून कुत्र्याच्या तोंडावर घालतात त्या जाळीच्या टोपलीत आतून बोटभर दही फासलंत आणि टोपली हातात धरून नुसते थांबलात. त्याच्या तोंडाजवळ नेली नाहीत. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग त्याने आपणहून नाक आत घातलं. तो चाटत होता तोवर तुम्ही टोपलीच्या पट्ट्याला हातसुद्धा लावला नाहीत. काका, त्या दिवशी औषध नंतर मिळालं, आधी त्याला हे मिळालं.

टोपलीबद्दल जे सांगितलंत ते आता इथे प्रत्येक मोठ्या कुत्र्याच्या मालकाला सांगतो. नाकापुढे सेंटिमीटरभर जागा हवी. आत तोंड पुरतं उघडून धापता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. कानामागच्या पट्ट्याखाली एक बोट जावं, आणि वरची कड डोळ्यांना लागू नये. रॉटवायलरचं तोंड आखूड आणि रुंद, त्यामुळे लॅब्रेडॉरच्या मापाची टोपली त्याच्या नाकाडावर घासते. पहिले तीन-चार दिवस पट्टा लावायचाच नाही, नुसतं चाटू द्यायचं. मग पाच सेकंद, मग मिनिट, मग दहा मिनिटं. पंजाने ओरबाडायला लागायच्या आत काढायची, कारण ओरबाडल्यावर काढली की ओरबाडलं म्हणजे सुटका होते, हेच तो शिकतो. आणि हे सगळं कुत्रा धडधाकट असताना करायचं. आम्ही ते केलं नव्हतं.

रक्त काढल्यावर पुढच्या पायावर बोळा धरून घड्याळाकडे बघत पाच मिनिटं दाबून बसलात. इतरांनी चिकटपट्टी लावून वाटेला लावलं असतं. निघताना म्हणालात, ‘दही टोपलीला, गोळीला नाही.’ दुधादह्यातलं कॅल्शियम डॉक्सीला, म्हणजे गोचीडतापावरच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळीला, धरून ठेवतं, गोळी हवी तशी अंगी लागत नाही. नुसत्या कोरड्या घशाने दिली तर अन्ननलिकेत अडकून जखम करते. म्हणून सकाळ-संध्याकाळ भाताच्या घासातून, वर पाणी. 28 दिवसांत एकही वेळ चुकलेली नाही. पाचव्या दिवशी तो जेवायला लागला म्हणून थांबलोही नाही.

पगार तेवढाच, गर्दी तेवढीच, आणि एका अनोळखी कुत्र्यासाठी फरशीवर बसून वाट बघायची. भलेपणा म्हणजे मला आता तेच चित्र आठवतं.

गोचीड अजून रोज बघतो: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली. घरातल्या भिंतींच्या फटीही बुजवल्या, मादी अंडी घालायला तिथेच शिरते.

शनिवारी पुन्हा प्लेटलेट्स तपासायच्या आहेत. तुमची सकाळची पाळी असेल तर तेव्हाच आणतो. टोपली घरूनच घालून येईल. आता तिची बक्कल वाजली की तो स्वतः दाराशी येऊन उभा राहतो.

आपला,
रॉकीचा मालक