कासवर भेटलेल्या मोडक्या छत्रीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. सप्टेंबरातल्या त्या बुधवारी कास पठारावर, ओल्या कातळाशेजारी एक बाई कॅमेऱ्यावर चिडून बसली होती, आठवतंय? तीच मी. तुमच्या छत्रीची एक काडी मोडलेली होती.

मला सीतेच्या आसवांच्या फुलाचा फोटो हवा होता, पण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोभेल तसा नको होता. जांभळ्या धुक्यात फूल अर्धं विरघळलंय, असा हवा होता. त्यासाठी एकाच फ्रेमवर चार एक्स्पोजर, म्हणजे एकावर एक चार फोटो, घेत होते आणि दर वेळी पदरात पांढराफटक पडदा. आदल्या वर्षी याच हौसेपायी एका कार्यशाळेला चांगले पैसे मोजले होते. तिथल्या सरांनी माझा कॅमेरा हातातसुद्धा घेतला नाही. "हे सगळं नंतर कॉम्प्युटरवर होतं हो," म्हणाले आणि महागड्या लेन्सवाल्यांकडे वळले. एका जाणकारांनी तर माझ्या फोटोखाली "हात हलला वाटतं" लिहून वर हसरा चेहरा चिकटवला. तो चेहरा अजून खुपतो, खोटं कशाला बोलू?

तुम्ही विचारलंत, "आमटीत मीठ किती घालता?" मला वाटलं, यांना भूक लागली असावी. मग म्हणालात, "चौघींनी एकाच पातेल्यात आपापलं पूर्ण मीठ घातलं तर? प्रत्येकीनं पाव पावच घालायचं." तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझा कॅमेरा उजेडाची बेरीज करत होता. चार एक्स्पोजर घ्यायची तर प्रत्येक दोन स्टॉप कमी हवं होतं; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. दोन घ्यायची तर एकेक स्टॉप, आठ घ्यायची तर तीन-तीन. वर्षभर ज्यासाठी डोकं फोडलं, ते आमटीच्या पातेल्यात सापडलं! आणि फुलामागे आभाळ नको, पावसानं काळा झालेला जांभा घ्या, हेही तुम्हीच सांगितलंत. काळ्यावर पुढचं चित्र उमटतं, पांढऱ्यावर काही उमटत नाही.

तुमच्या फिल्मच्या दिवसांतल्या गोष्टी ऐकताना पाऊस कधी थांबला कळलं नाही. लेन्सपुढे काळा कागद धरून नवरीच्या तळहातावर नवरा उभा करायचा, फिल्म पुढे न सरकवता शटर पुन्हा चढवायचं, आणि चुकलं तर? लग्न काही परत लागत नाही. आमच्या मावशीच्या अल्बममध्ये अस्साच एक फोटो आहे. आम्ही पोरं त्याला हसायचो. आता हसणार नाही.

पण आभार मानायचेत ते यासाठी नाहीत. मला दाखवायला तुम्ही माझ्याच कॅमेऱ्यावर एक फोटो घेतलात. पहिलं एक्स्पोजर रेखीव, पुढची तीन फोकसची रिंग जराजरा फिरवत. पडद्यावर तो आला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही तो मला नीट बघू दिलात, आणि मग पुसून टाकलात. मी ओरडलेच. "राहिला तर घरी जाऊन हाच बघत बसाल," म्हणालात, कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि छत्री लेन्सवर धरून उभे राहिलात. मोडक्या काडीतून पाणी तुमच्याच खांद्यावर गळत होतं.

ज्ञान वाटणारे पुष्कळ भेटतात हो. आपलं उत्तम काम स्वतःच्या हातानं पुसून समोरच्याला जागा करून देणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. एरवी आमच्या या हौशी जगात प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आधी नाव उमटतं, फूल नंतर.

माझ्या अकरा खेपा फसल्या. बारावा फोटो मोठा छापून घेतलाय, दोन प्रती. एक माझ्या भिंतीवर आहे. दुसरी गुंडाळून कपाटावर ठेवलीय, तिच्यावर तुमचं नाव घालायचं बाकी आहे.

आणि हो, पुसलेला जास्त चांगला होता.

तुमची,
आमटीवाली