बारमाही, म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सिंधुदुर्ग जिल्ह्यावरचा लेख वाचला. फोटो सुरेख. मजकुरात मात्र पर्यटनाबद्दल पुन्हा तोच शब्द: ‘बारमाही’. गेल्या वर्षीही आपण तो छापला होता आणि मी तो खरा मानला. चूक माझीच.

आईला (वय ७८) सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वराचं, म्हणजे तिथल्या मंदिरातल्या शिवाजी महाराजांचं, दर्शन घ्यायचं होतं. जुलैत निघालो. इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, मग रिक्षानं मालवण. धक्क्यावर पाहतो तर होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. एक म्हातारा होडीवाला हसला, “आता खंय? चवतीनंतर येवा!” म्हणजे गणेशचतुर्थीनंतर. किल्ला समोर दिसतोय, आणि जाता येत नाही. आईनं भर पावसात तिथूनच हात जोडले. छत्री केव्हाच उलटली होती. आपण वर्णिलेली ‘ताजी सुरमई’ही नव्हती, कारण जून-जुलै मासेमारी बंद असते. खारा बांगडा मिळाला. तो फक्कड होता, खोटं कशाला बोलू?

किल्ल्याच्या इतिहासाला आपण अडीच ओळी दिल्यात. ‘१६६४ साली बांधला.’ झालं! अहो, १६६४ च्या नोव्हेंबरात पायाचा दगड बसला, पायात शिसं ओतलं, किल्ला पुरा व्हायला १६६७ उजाडलं. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. हे सगळं आई भिजत उभी राहून रिक्षावाल्याला सांगत होती. तिलाच लिहायला सांगायचं होतंत.

अर्थव्यवस्था म्हणे ‘आंबा, काजू, पर्यटन’. आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर? १९८२ च्या गिरणी संपानंतर कोकणातल्या चुलींचं काय झालं, ते एखाद्या चाकरमान्याच्या घरी विचारा. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडलेली पाहणाऱ्या आम्हा इंदूरकरांना ते निराळं सांगावं लागत नाही.

आणि हो, रविवारची पुरवणी आमच्याकडे मंगळवारी का येते? शब्दकोड्याचं उत्तर कोड्याआधी हातात पडतं.

यंदा आईला नोव्हेंबरात नेतोय. तिकिटं काढण्याआधी होडीवाल्याला फोन केला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
लोकमान्य नगर, इंदूर