अर्णवच्या तबल्याविषयी

प्रिय विनय,

तुझं पत्र सावकाश वाचलं. अर्णव जेवणाच्या टेबलावर, डब्यावर, शाळेच्या दप्तरावर ठेका धरतो, एकदा ऐकलेलं गाणं लयीसकट उचलतो, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘जन्मजात आहे, क्लासला घालून हात बिघडवू नका.’ माझं मत याच्या अगदी उलट आहे. त्याला गुरू हवा आणि तो लवकर हवा. ज्या मुलाला पटकन येतं त्याच्या हातात काय राहून गेलंय ते घरच्यांना ऐकू येत नाही आणि त्यालाही येत नाही. ज्याला अजिबात जमत नाही त्याची चूक कोणीही दाखवतो.

उपजत म्हणजे नेमकं काय, हे आधी तपासून बघ. मोबाइलवर मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव आणि त्याला टाळ्या वाजवू दे. जम बसला की आवाज बंद कर, पडद्यावरचा दिवा फक्त तुला दिसू दे. सोळा मात्रा झाल्या की आवाज पुन्हा सुरू कर. त्याची टाळी ठोक्यावर पडली तर अंतर्गत लय खरंच पक्की आहे. बहुतेक मुलं पुढे पळालेली असतात. मग हेच 40 वर करून बघ. लय जितकी संथ तितकं दोन ठोक्यांमधलं रिकामं अंतर मोठं, आणि ते न मोजता भरायला कोणी जन्मतः शिकून येत नाही. जलद वाजवणाऱ्या मुलाचं कौतुक होतं, पण खरी कसोटी विलंबितात लागते.

झाकिर हुसेन यांचं उदाहरण सगळे उपजत प्रतिभेसाठी देतात. 1951 साली मुंबईत त्यांचा जन्म झाला, तेव्हा वडिलांनी, म्हणजे तबलावादक अल्लारखाँनी, बाळाच्या कानात तबल्याचे बोल (‘धा’, ‘ना’, ‘तिट’ अशी अक्षरं) म्हटले, हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. पुढे लहानपणी पहाटे तीनला उठून वडिलांसमोर बसायचं आणि बोल तोंडाने म्हणायचे, हेही सांगितलंय. शिकवणी पहिल्या दिवशीच सुरू झालेल्या त्या घरात उपजत कुठे संपलं आणि शिकवलेलं कुठे सुरू झालं, हे कोण ठरवणार? थोर तबलावादक अहमदजान थिरकवाँ यांची बोटं लहानपणीच लोकांच्या नजरेत भरली होती, तरी गुरू मुनीर खाँसाहेबांची तालीम त्यांना चुकली नाही.

आता हाताकडे येतो, कारण गुरूचं पहिलं काम तिथेच असतं. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे किनारीवर पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली असते. ही टेकलेली अनामिका शोभेची नाही. तिच्यामुळे पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, मूळ जाडा नाद दबतो आणि वरचा स्वच्छ सूर उरतो. शाईच्या वजनामुळे तबल्याचे उपस्वर (मूळ नादासोबत उमटणारे वरचे सूर) सुरेल पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच मांडलं होतं. अनामिका जास्त दाबली तर ‘ना’ मरतो, उचलली गेली तर त्यात गुंजन मिसळतं. टेबलावर वाजवून शिकलेल्या मुलाला या बोटाची सवयच नसते, कारण टेबल सगळीकडे सारखंच वाजतं. म्हणून अर्णवने डब्यावर वाजवणं थांबवू नकोस, पण त्यालाच रियाज समजू नकोस.

दुसरी अडचण ‘तिट’ची. ‘ति’ मधल्या बोटाने (काही घराण्यांत मध्यमा आणि अनामिका जोडून), ‘ट’ तर्जनीने, दोन्ही शाईच्या मधोमध. अशा बंद बोलात तर्जनी सहसा कमी पडते. लय वाढली की ‘ट’ पुसट होतो आणि दोन बोलांचा एकच आवाज ऐकू येतो. चलाख मुलगा तो कानाने भरून काढतो, त्याला वाटतं वाजलं. यावर उपाय पढंतीचा. हाताने टाळी-खाली (तालाचे भरीव आणि रिकामे भाग) दाखवत बोल स्पष्ट म्हणायचे, मग तेच वाजवायचे. तोंडात जो बोल अस्पष्ट आहे तो हातात स्पष्ट येत नाही.

दिल्ली घराण्याचा पहिला कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची बोलांची ठरावीक रचना, घे: धातीटधा तीटधाधा तीटधागे तीनाकीना, आणि उलटून तातीटता तीटताता तीटधागे धीनागीना. नुसत्या कानाने उचलणारं मूल उजवा हात बरोबर घेतं, कारण सुरावट तिथे ऐकू येते. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं वाद्य, मात्र सगळीकडे एकसारखा घुमवतं. खरं तर पहिल्या ओळीत शेवटच्या ‘तीनाकीना’ला डग्गा बंद होतो, दुसरी ओळ बंदच सुरू होते आणि ‘धागे’पासून पुन्हा उघडते. भरी-खालीचा सगळा अर्थ या उघडझापीत आहे. ती बसवायला मी सांगेन की आठवडाभर नुसता डावा हात वाजवायचा, उजव्याचे बोल तोंडाने. कंटाळवाणं आहे, आणि याच टप्प्यावर बुद्धिमान मुलं सटकतात. त्यांना अडवून धरणं, पण रुसू न देणं, ही शिक्षकाची खरी विद्या.

डग्ग्यावर मनगटाची टाच टेकलेली राहते, बोटं वरून पडतात. आठ वर्षांच्या मुलाचा पंजा लहान, म्हणून तो खांदा उचलतो आणि अर्ध्या तासात हात दुखायला लागतो. अशा वेळी चुंबळीवर डग्गा थोडा पुढे कलता ठेवावा. दुखत असताना ‘अजून थोडं’ म्हणणारा शिक्षक नको.

घरी रोज वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. एका मात्रेत चार बोल धरून सुरुवात 50 च्या लयीत, पाच मिनिटं प्रत्येक बोल स्वच्छ वाजला तरच चार-पाच ठोके वाढवायचे. बोल चिकटायला लागले की दहा ठोके खाली. लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरणारी धून) लावून नुसता सोळा मात्रांच्या तीनतालचा साधा ठेका पाच मिनिटं धरायला लाव, एकही तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) न घेता. त्याला हे सगळ्यात जड जाईल, बघ.

गुरू निवडताना त्यांचा सर्वांत तयार शिष्य ऐकू नकोस. दोन-तीन वर्षं शिकलेली साधी मुलं बघ. त्यांचे हात सारखे बसलेले असतील, ‘ना’ खणखणीत असेल, तर तिथे शिकवणं होतंय. एखाद्या तासाला मागे बसायची परवानगी माग. शिक्षक मध्येच थांबवून एकच बोल पुन्हा मागतात का, पढंत घेतात का, लय हाताने दाखवतात का? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चांगल्या, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत रस्ता आखलेला मिळतो. पण वर्षभर फक्त परीक्षेतले कायदे घोटवून घेणाऱ्यांपासून सावध राहा, आणि पहिल्या वर्षी त्याला गणपतीच्या मंडपात एकट्याने वाजवायला बसवू नका. टाळ्या नेहमी वेगाला पडतात, मग संथ लय त्याच्याकडून कोण करून घेणार?

शेजारच्या मुलीला ‘लयच नाही’ म्हणून तिच्या आईने घातलं नाही, असंही लिहिलंयस. तिलाही घेऊन जा. चालताना पावलाला एक ते आठ म्हणायचं, मग एकेका पावलात दोन बोल, मग चार. पाऊल आणि तोंड जुळलं की टाळी घालायची. काही महिन्यांत बरीच मुलं ठेका धरतात.

वाद्याचं म्हणशील तर साडेपाच इंची तोंडाचा, काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लागणारा शिसवी तबला आणि साधा नऊ इंची डग्गा पुरे. दुकानात तबला घेताना गजऱ्याच्या, म्हणजे पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीच्या, सोळाही घरांजवळ वाजवून बघ, सगळीकडे सूर एकच यायला हवा. एखाद-दुसरं घर थोडं उतरलेलं असेल तर हातोडीने गजऱ्यावर ठोकून जुळतं, पण समोरासमोरची घरं बरीच वेगळी बोलत असतील तर तो घेऊ नकोस. शाईला भेगा किंवा टवके दिसले तरी नको. पावसाळ्यात पुडी उतरते, तेव्हा वाद्य कोरड्या कपाटात ठेव, उन्हात नको.

गुरू ठरले की त्यांचं नाव आणि तासाचे वार कळव. वहिनींना नमस्कार, अर्णवला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर